चिठ्ठी बघायची, कपडा नाही

मांजर्ली, बदलापूर (प.)
सोमवार, ३० जून

चि. यशो,
सप्रेम जय भीम.

तू नेमकं काम काय करतेस हे मी फोनवर तीनदा विचारलं आणि तीनदा तू "मावशी, नंतर सांगते" म्हणालीस. कागदावर 'नंतर' चालत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय पंचवीस वर्षं शिलाई मशिनींच्या घरघराटात बसून माझे कान कामातून गेलेत, हे तुला ठाऊक आहे. फोनची घंटा ऐकू येते, पण माणसाचं बोलणं तुकड्यातुकड्यांत येतं. परवा तू "साहेब ओरडले" म्हणालीस ते मी "साहेब वारले" ऐकलं आणि दिवसभर हळहळत बसले.

तर बयो, नीट लिहून कळव. आमच्या सुजाता सोसायटीत तूच तुझ्या कंपनीचे फोन बसवायला लावलेस, बत्तीस घरांना बत्तीस. फोन माझ्या घरात आहे, दुसरा शशिकांतभाऊंच्या घरात आहे. मग मध्ये अंबरनाथला बसून तू पगार कशाचा घेतेस?

शशिकांतभाऊ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर. तू त्यांना भेटलीयेस. त्यांनी फोनच्या वायरला एक पेटी जोडलीय आणि पार्किंगच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, पाण्याच्या टाकीतला असतो तसा फ्लोट लावलाय. नदीचं पाणी आत आलं की फ्लोट उचलला जातो आणि पेटी स्वतःच सगळ्या घरांना फोन लावते. दर रविवारी अकरा वाजता ते फ्लोट बादलीत बुडवून बघतात. बत्तीस फोन एकदम बोंबलतात. तळमजल्यावरच्या बनूबाई दर रविवारी दचकतात आणि "मेल्या, जीव घेतोस का माझा!" म्हणून खिडकीतून ओरडतात. वॉकर घेऊन चालणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण आवाज अजून खणखणीत आहे. कालही झालं सगळं असंच.

उत्तर टपालानेच पाठव. मोबाईलवर पाठवलंस तर वाचणार नाही.

तुझी,
माया मावशी

*

अंबरनाथ (पू.)
शनिवार, ५ जुलै

प्रिय मावशी,
जय भीम.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकलंस! आमच्या देवदत्त सरांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि "कोर्टाची नोटीस आहे का?" विचारलं. सर ठणठणीत आहेत, वारलेले नाहीत.

आता ऐक. तू शशिकांतकाकांना फोन लावतेस तेव्हा तुझा आवाज लगेच निघत नाही. आधी तुझा फोन एक लेखी चिठ्ठी पाठवतो. तिच्यात ओळी असतात. कोणाकडून, कोणाला, कुठल्या वाटेने आली, किती वाजता लिहिली, असं बरंच काही. चिठ्ठ्या लिहायच्या या पद्धतीचं नाव सिप. ती चिठ्ठी आमच्या सर्व्हरकडे येते, त्याला प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सी 'कोणाला' ही ओळ वाचतो आणि चिठ्ठी त्या फोनकडे ढकलतो. मग काकांचा फोन वाजतो. ते उचलतात आणि तुमच्या गप्पा सुरू. तुझी भाची त्या प्रॉक्सीची राखण करते.

साहेब का ओरडले तेही सांगते. जूनमध्ये कोणीतरी बदमाशाने एक वेडीवाकडी चिठ्ठी पाठवली. तिच्यातली एकच ओळ वीस पानं भरतील एवढी लांब होती. प्रॉक्सीने पत्ता बघितला आणि दिली पुढे. पुढे एका पॅकेजिंगवाल्याचे अठरा फोन होते. ती ओळ वाचता वाचता अठराच्या अठरा गार पडले, दोन तास. सर म्हणाले, "तुझा प्रॉक्सी मध्ये बसून झोपा काढतो काय? चिठ्ठीत काहीही वाकडं दिसलं की परत पाठवायची."

म्हणून मी एक्केचाळीस तपासण्या लिहिल्या. बुधवारी चालू केल्या. आता प्रत्येक ओळ नियमाप्रमाणे हवी, अगदी स्वल्पविराम चुकला तरी '४००' असा शिक्का मारून चिठ्ठी परत. ४०० म्हणजे 'तुझं लिहिणं चुकलंय'. तीन दिवसांत सहाशे परत! सर खूश आहेत. ऑगस्टमध्ये माझी नोकरी पक्की व्हायचीय, तेव्हा सर खूश असलेले बरे.

पण एक गोष्ट डोक्यात वळवळतेय. सिपचं नियमपुस्तक सांगतं की मधल्याने आपल्या कामापुरतं तपासावं, जे आपल्याला कळत नाही ते आहे तसं पुढे द्यावं. सर म्हणतात, पुस्तक लिहिणाऱ्यांना गिऱ्हाईकांचे फोन येत नाहीत. मला दोघांचंही पटतं, आणि हाच तर घोळ आहे.

तूसुद्धा कॅम्प तीनच्या जीन्सच्या गाळ्यात कटिंगवाला आणि कारागीर यांच्या मध्येच बसायचीस ना? तू किती बघायचीस?

तुझी,
यशो

*

मांजर्ली
बुधवार, ९ जुलै

चि. यशो,
सप्रेम जय भीम.

वाचलं. दोनदा वाचलं. अगं, हे तर माझंच काम! तुला त्याचा एवढा पगार मिळतो आणि मला शेठ दिवाळीला डबाभर मिठाई द्यायचा.

आमच्याकडे कटिंगवाला कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे बांधायचा. प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी असायची. साईझ, रंगाचा नंबर, किती नग, कुठल्या कारागिराकडे द्यायचा, तिथून पुढे कुठे. मी दारातल्या टेबलावर बसायचे. चिठ्ठी वाचायची, गठ्ठा द्यायचा. पहिल्याच दिवशी शेठने बजावलं होतं, "माया, तू सिर्फ चिट्ठी देख, कपड़ा मत देख." सिंधी माणूस, मोजकं बोलायचा.

चिठ्ठीतही सगळं मी बघत नव्हते. कारागिराचं नाव वाचता आलं नाही तर गठ्ठा परत, कारण द्यायचा कोणाला? पण रंगाचा नंबर चुकलाय का, नग बरोबर आहेत का, ते कारागीर बघेल. त्याला शिवायचंय, मला नाही. हातातून गेलेल्या प्रत्येक चिठ्ठीखाली मी माझी खूण करायचे, पुढचा त्याची करायचा. म्हणजे काही विचारायचं झालं की त्याच वाटेने मागे जाता येतं. एकदा एक गठ्ठा कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवाल्याकडून कारागिराकडे आणि कारागिराकडून परत ओव्हरलॉकवाल्याकडे असा तीन दिवस फिरत राहिला, कारण दोघांच्याही चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव. तेव्हापासून मी खडूने रेघा मारायला लागले. पाचवी रेघ पडली की गठ्ठा टेबलाखाली आणि शेठला हाक. तुमच्या सिपमध्ये आहे का रेघ मारायची सोय?

एकदाच मी कपडा बघितला. १९९६ साल. एका गठ्ठ्याची गाठ सुटली होती, आत एकाच पँटचे तुकडे होते. बघते तर डावा पाय दीड इंच आखूड! म्हटलं, कटिंगवाल्याने काल जास्त घेतलेली दिसतेय. त्याच रंगाच्या दुसऱ्या गठ्ठ्यातून बरोबर मापाचे डाव्या पायाचे तुकडे काढले, आत घातले, नीट गाठ मारली. स्वतःवरच खूश. नंतर कळलं, गिऱ्हाईकाचा डावा पाय लहानपणच्या पोलिओने आखूड होता. त्याच्या लग्नाची पँट होती ती, मुद्दाम तशी कापलेली. शेठने गाळा डोक्यावर घेतला. हिंदुराव म्हणून आमचा सगळ्यांत हुशार कारागीर होता, त्याने ती शिवली होती. असो, झालं ते झालं, आता हसू येतं.

तुझ्या एक्केचाळीस तपासण्या मला जरा जास्तच वाटतात. पण तू शिकलेली आहेस.

हो, परवाच्या रविवारी शशिकांतभाऊंची पेटी वाजली नाही. बनूबाईंना चुकल्यासारखं झालं, शिव्या तशाच राहिल्या. बॅटरी उतरली असेल म्हणतात.

तुझी,
माया मावशी

*

अंबरनाथ
सोमवार, १४ जुलै

प्रिय मावशी,
जय भीम.

रेघ मारायची सोय आहे! अगदी तश्शी. प्रत्येक चिठ्ठीवर एक आकडा असतो, सत्तरपासून सुरू. प्रत्येक प्रॉक्सी त्यातून एक वजा करतो, शून्य झालं की चिठ्ठी थांबते. आणि तुझ्या खुणांसारखी प्रत्येकाच्या नावाची ओळही असते, उत्तर त्याच वाटेने परत जातं. मी हे ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणाले, मावशींना नोकरीला घ्या.

पण भांडणारच मी. समज गठ्ठ्यात सुई राहिली, कारागिराच्या हातात घुसली. मग? तेव्हाही चिठ्ठीच बघायची? ते अठरा फोन तसेच मेले होते. तुझ्या आखूड पायाची गोष्ट मस्त आहे, पण ती हजारात एक. एका गिऱ्हाईकासाठी सगळ्यांना सुया टोचू द्यायच्या का?

खरं सांगू, सध्या मला फार भारी वाटतंय. रोज दोनशे चिठ्ठ्या परत जातात. सरांनी त्याचा आलेख काढून भिंतीवर लावलाय. सगळ्या बदमाशांच्याच असणार, दुसरं कोण एवढं वाकडं लिहील?

काकांना म्हणावं, वायर भिजली असेल. जॉइंटला टेप लावा.

तुझी,
यशो

*

मांजर्ली
सोमवार, २१ जुलै

चि. यशो,

घाईत लिहितेय. सुईचं उत्तर देईन, विचार करतेय. पण आधी हे. काल तिसरा रविवार, पेटी गप्प. वायर नवी टाकली, बॅटरी नवी, फ्लोट नवा. शशिकांतभाऊ पेटी उघडतात आणि बंद करतात, जेवायला उठत नाहीत. "वहिनी, दिवा लागतोय, म्हणजे ती फोन करतेय. मग वाजत का नाही?" असं मला चारदा विचारून झालं. मी काय सांगणार? वर पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये आणि बनूबाईंचा मुलगा कामाला नाशिकला गेलाय.

तू फोनमधली आहेस. एकदा येऊन बघशील का?

माया मावशी

*

कात्रप, बदलापूर (पू.)
रविवार, २७ जुलै

चि. यशो,
सप्रेम जय भीम.

पत्ता बदललेला बघून घाबरू नकोस. मी कात्रपला महेंद्रकडे, तुझ्या धाकट्या मामाकडे आहे. मांजर्लीला अजून वीज आणि पाणी दोन्ही नाही.

गुरुवारी सकाळी नदी आत आली. पेटी वाजली नाही. सातला शशिकांतभाऊ दूध आणायला खाली उतरले तेव्हा पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. तो माणूस वर धावला, स्वयंपाकघरातलं पातेलं घेतलं, आणि उलथन्याने बडवत एकेक दार ठोकत सुटला. मला ऐकू आलं नाही म्हणून दाराला लाथा घातल्या. मग त्यांनी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या देशमाने यांनी बनूबाईंना बाहेर काढलं. पाणी खाटेला लागलं होतं. बाई खाटेवर उभी राहून खिडकीचे गज धरून होती, वॉकर तरंगत होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी वर उचलून आणलं. तीन दिवस हॉस्पिटलात होती, आता ताप उतरलाय. पण घर गेलं. गादी, फ्रिज, मुलाच्या शाळेपासूनचे सगळे कागद.

आता माणसांचं ऐक. ज्याने सगळ्यांना उठवलं त्यालाच सगळे धरतायत. बनूबाईंचा मुलगा म्हणतो, तुमच्या भंगार पेटीच्या भरवशावर मी आईला एकटी ठेवली. सगळे गाड्यांच्या नुकसानीने चिडलेत. १० ऑगस्टला मीटिंग लावलीय, शशिकांतभाऊंना कमिटीतून काढायचं आणि पेटी फेकून द्यायची. काल मी त्यांना भेटायला गेले तर हात पुढे करून म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं हाच हात चालला. आता हातच गेला माझा."

पेटी त्यांनी वाळवून परत जोडलीय. अजून चालते म्हणतात. कशी चालते ते त्यांनाच ठाऊक.

माझा राग तुझ्यावरही आहे. ये म्हटलं होतं.

माया मावशी

*

अंबरनाथ
बुधवार, ३० जुलै

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी प्रॉक्सीच्या नोंदी उघडल्या. इतके दिवस मी आकडा बघत होते, परत गेलेल्या चिठ्ठ्या एकदाही वाचल्या नव्हत्या. गुरुवार, सकाळी सहा वाजून बारा मिनिटं. सुजाता सोसायटीच्या पेटीकडून चिठ्ठी, बत्तीस घरांसाठी. माझ्या प्रॉक्सीचं उत्तर, ४००. सहा पंधराला परत. ४००. सहा अठराला परत. दर तीन मिनिटांनी, सात वाजून सहा मिनिटांपर्यंत, एकोणीस वेळा. त्यानंतर काही नाही. तेव्हा पाणी पेटीपर्यंत चढलं असणार.

मावशी, पेटी ओरडत होती. मी तिचं तोंड दाबत होते.

आणि तिची चूक काय माहितीये? चिठ्ठीत वेळ लिहायची ओळ असते. नियम आहे की ती वेळ ग्रीनिचची लिहायची. त्या पेटीने आपली, भारतातली लिहिली. बस. सत्ताविसावी तपासणी. ती ओळ प्रॉक्सीला लागतसुद्धा नाही! पत्ता बरोबर, सगळं बरोबर, फोन वाजवायला काहीही अडचण नव्हती. पेटीला ४०० वाचता येत नाही, तिला एवढंच कळतं की लागला नाही, परत लावूया. तुझा दीड इंचाचा पाय मी हजारात एक म्हणून हसण्यावारी नेला. तो आपल्याच पार्किंगमध्ये होता. तू दोन पत्रांत लिहिलंस की पेटी गप्प आहे, आणि मी टेप लावा म्हटलं.

सरांना दाखवलं. त्यांनी भिंतीवरचा आलेख उतरवला. मग म्हणाले, "ती तपासणी काढून टाक. सोसायटीला काही लिहू नकोस. उद्या प्रत्येक गाडीवाला आपल्यावर बिल फाडेल."

मी काढली. आता वीज आली की पेटी वाजेल. लोक म्हणतील, बिघडली होती, सुधारली. काकांचं नाव आपोआप धुतलं जाईल, हो ना? चालेल ना असं? चालेल म्हण ना, मावशी. मला झोप येत नाही.

यशो

*

कात्रप
शनिवार, २ ऑगस्ट

यशो,

नाही चालणार.

'बिघडली होती' असं लोक म्हणतील तेव्हा कोणाच्या हातून बिघडली म्हणतील? तो माणूस मरेपर्यंत आपल्या हाताकडे बघत बसेल. हे मी तुला शहाणपणाने सांगत नाहीये, मला माहीत आहे म्हणून सांगतेय.

१९९६ ची गोष्ट मी तुला हसत सांगितली. अर्धीच सांगितली. तो नवरामुलगा लग्नाच्या दिवशी सकाळी गाळ्यात आला, ती पँट घालून. डावा पाय जमिनीवर लोळत होता, त्यावर त्याचाच बूट पडत होता. त्याने कोणाला शिवी दिली नाही. शेठने हिंदुरावला पुढे घेतलं. पँट शिवली त्या दिवशी हिंदुरावच्या मशिनीवर दोन गठ्ठे उघडे होते. शेठ म्हणाला, तूच तुकडे मिसळलेस. हिंदुराव ते दोन गठ्ठे आठवून म्हणाला, "मिसळले असतील, शेठ." कारण त्याला दुसरं काही कारण सापडेना. मी चार हातांवर बसले होते. जीभ उचलली नाही. तुझ्या आजोबांचं आजारपण होतं, नोकरी जाईल ही भीती होती. शेठने हिंदुरावला काम देणं बंद केलं. असा कारागीर, आणि सहा महिने रिकामा बसला. मग कुठेतरी उसवलेलं शिवून द्यायला लागला.

त्याने माझं नाव घेतलं असतं तर मी भांडले तरी असते. त्याने स्वतःचंच नाव घेतलं.

एकोणतीस वर्षं झाली. तो अजून कॅम्प तीनलाच आहे, कपडे आखूड-लांब करून देण्याचं छोटं दुकान आहे. बाजारात जाते तेव्हा मी त्या गल्लीने जात नाही.

तर आता असं करू. १० तारखेला तू मीटिंगला जा. मी येणार नाही, मला कात्रपहून निघून कॅम्प तीनला जायचंय. एकाच दिवशी, एकाच वेळी, अकराला. म्हणजे दोघींपैकी कोणालाच दुसरीचा पदर धरून पळता येणार नाही.

सुईचं उत्तर आता देते. सुई बघायची ती कारागिराने, स्वतःच्या मशिनीवर बसण्याआधी, कारण घुसायची ती त्याच्या बोटात. मधलीला सुई दिसली तर तिने हाक मारावी. पण तुकडे बदलू नयेत, आणि गठ्ठा गुपचूप परत तर मुळीच पाठवू नये.

माया मावशी

*

अंबरनाथ
रविवार, १० ऑगस्ट, संध्याकाळ

मावशी,
जय भीम.

गेले.

शुक्रवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जायचं तर स्वतःच्या नावाने जा, कंपनीच्या नाही." मी म्हटलं, चूक माझ्या हातची आहे, नावही माझंच सांगेन. नोकरी पक्की व्हायचं पत्र या महिन्यात येणार होतं, ते अडकलंय. बघू.

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. काका शेवटच्या रांगेत बसले होते, पेटी पिशवीत घालून मांडीवर. मी नोंदींचा कागद वाचून दाखवला. सहा बारा, सहा पंधरा, सहा अठरा. एकोणीसच्या एकोणीस वाचल्या. मग सांगितलं की पेटीत, वायरीत, काकांच्या कामात काहीही चूक नव्हती. चूक माझी होती.

बनूबाईंचा मुलगा उठून उभा राहिला, मला वाटलं मारतोच आता. पण बनूबाईंनीच त्याला खाली बसवलं. मला म्हणाल्या, "म्हंजे पेटी बोंबलत व्हती? तासभर? आन् तू मधी बसून तिला गप कर, गप कर करत व्हतीस?" मी हो म्हटलं. "मुडदा बसिवला तुझ्या मशिनीचा," म्हणाल्या. खोटं नाही सांगत मावशी, त्या शिवीने मला जरा बरं वाटलं.

काकांनी कागद मागून घेतला. चष्मा लावून एकेक ओळीवर बोट ठेवत गेले. "एकोणीस," म्हणाले. "शेवटपर्यंत लावत होती बघा." आणि रडले, सगळ्यांच्या समोर. त्यांना काढायचा विषय कोणी काढलाच नाही. मला मात्र दोघातिघांनी खूप सुनावलं. ऐकून घेतलं.

मग खाली जाऊन बादली भरली. फ्लोट बुडवला. मावशी, बत्तीस घरांतून एकदम! तुझ्या बंद घरातला फोनसुद्धा ऐकू येत होता.

प्रॉक्सीचं असं ठरवलंय. आम्ही स्वतः ज्या ओळी वाचतो तेवढ्याच तपासायच्या. शिवाय लांबीला एक मर्यादा ठेवायची. बाकी सगळं आलं तसं पुढे. पॅकेजिंगवाल्याच्या कच्च्या फोनांसाठी तपासणी त्याच्याच दारात बसवतेय, मध्ये नाही. आणि चिठ्ठी परत पाठवली की एका माणसाला कळवायचं, कारण पेट्यांना नकार वाचता येत नाही. परत गेलेल्या चिठ्ठ्या आता सगळ्या वाचून काढल्या. बदमाशांच्या पुष्कळ होत्या. पण एक अंबरनाथच्या एका बिल्डिंगच्या लिफ्टमधल्या मदतीच्या फोनची होती. सुदैवाने महिन्यात कोणी अडकलं नाही.

तुझं काय झालं? ते लिहीपर्यंत मला चैन नाही.

तुझी,
यशो

*

मांजर्ली
सोमवार, ११ ऑगस्ट

चि. यशो,
सप्रेम जय भीम.

काल संध्याकाळी घरी आले. जिन्यात शशिकांतभाऊ भेटले, त्यांनी सगळं सांगितलं. तुझा कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवलाय. शाब्बास म्हणणार नाही, कारण चूक होती. पण कोणी विचारलं तर माझी भाची म्हणून सांगेन.

आता माझं.

दुकान सहा बाय आठचं. हिंदुराव म्हातारा झालाय, जाड चष्मा लावतो. ओळखलं मला. "मायाबाई, काय उसवलं?" म्हणाला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं. त्या लग्नाच्या पँटच्या गठ्ठ्याची गाठ सुटली होती, मी तो उघडला, मी तुकडे बदलले, तुझ्याकडे आला तेव्हाच तो तसा होता, आणि मी गप्प बसले.

तो हातातली पँट खाली ठेवेना. म्हणाला, "म्हणजे मी मिसळलं नव्हतं?"

मी म्हटलं, नाही.

"दोन गठ्ठे उघडे होते ना माझे."

होते. पण तू मिसळलं नव्हतंस.

असं त्याने मला चारदा विचारलं, यशो. चारदा मी नाही म्हटलं. मग आतल्या पडद्याकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "विठा, ऐकलंस का? मी मिसळलं नव्हतं." ती बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, मला ओळखलं आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने केलं ते बरोबरच होतं. सहा महिने चूल तिने पेटवली होती.

माफी मागितली मी. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. चहाही विचारला नाही, आणि मला वाईट वाटलं नाही. तेवढ्यात कोणीतरी पोरगी शाळेचा युनिफॉर्म घेऊन आली. तेव्हा माझं लक्ष गेलं. दुकानात कपड्यांची वीसेक गाठोडी, पण सगळी गच्च बांधलेली. मशिनीवर फक्त एक उघडं. पोरीने स्कर्टचं गाठोडं पुढे केलं तर विठा तिला सवयीने म्हणाली, "थांब गं, आधी हातातलं होऊ दे. एका वेळी एकच उघडतात ते." एकोणतीस वर्षं तो माणूस एका वेळी एकच गाठोडं उघडतोय.

मी पायरी उतरले. पदर नीट करायच्या निमित्ताने मागे वळून बघितलं. त्याने पोरीच्या हातातून गाठोडं घेतलं होतं. मशिनीवरची पँट तशीच पसरलेली होती. ते तिच्या शेजारी ठेवून त्याने त्या दुसऱ्या गाठोड्याची गाठ सोडली.

तुझी,
माया मावशी